दहा अंश म्हणजे नक्की किती?

मागच्या वर्षी मी आमच्या विद्यापीठाच्या वर्कशॉपला एक मेल लिहिली. ती परत घेता आली असती तर मी आनंदाने घेतली असती. मेल होती स्टेनलेस स्टीलच्या एका ठोकळ्याबद्दल. दोन आगपेट्या एकमेकींवर ठेवल्यावर होईल एवढा ठोकळा, खालची बाजू सपाट, वरची बाजू तिरपी. त्या तिरप्या पाठीवर आरसा बसवायचा, बस्स. मेलमधला माझा सूर असा होता की, इतकं साधं काम तुम्हाला नीट करता येत नाही का?

आधी ठोकळा कशासाठी होता ते सांगते. आमच्या प्रयोगात लेझरचा झोत अणूंच्या ढगातून जातो, समोरच्या आरशावर आपटतो आणि तिरका परत फिरून दोन मीटर लांब नळीच्या टोकाला असलेल्या ८ मिलिमीटर व्यासाच्या भोकातून बाहेर पडतो. हे सगळं निर्वात चेंबरच्या आत. येणारा झोत हलवता येत नाही, कारण तो ढगातूनच गेला पाहिजे. आरशामागे फिरवायचे स्क्रू किंवा मोटार लावायला जागा नाही. म्हणजे आरशाचा कोन जो काही असेल तो त्या ठोकळ्यातच कायमचा कोरलेला हवा.

ठोकळा आला. आरशासारखा चकचकीत, कडांना कुठे बर नाही. चेंबर बंद केला, पंप सुरू केले, भिंतींना चिकटलेलं पाणी निघून जावं म्हणून सगळी रचना दहा दिवस १५० अंश सेल्सियसला तापवली. थंड झाल्यावर लेझर लावला तर झोत भोकापासून सुमारे १० मिलिमीटर बाजूला, सरळ धातूवर. चेंबर उघडणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून दहा दिवस. आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या पीएचडीच्या विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती संपायला तीन महिने उरले होते. मेल लिहिताना डोक्यात हे होतं.

दोन मीटरवर १० मिलिमीटर म्हणजे कोनात किती चूक? इथे कोनांचा थोडा अंदाज घेऊ. परदेशात आल्यावर फर्निचर स्वतः जोडायला आपण सगळेच शिकतो. दोन मीटर उंचीचं पुस्तकांचं कपाट एका अंशाने कललं, तर त्याचं डोकं ३५ मिलिमीटर बाजूला जातं, आणि घरात येणारा प्रत्येक पाहुणा ते बोलून दाखवतो. एका अंशाचे ६० भाग केले की एक मिनिट, आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांतली 'कला'. १०० मिलिमीटर लांब पट्टीचं एक टोक ०.०३ मिलिमीटर उचललं की पट्टी एक मिनिट कलते. हे अंतर केसाच्या जाडीहूनही कमी आहे. मिनिटाचे पुन्हा ६० भाग केले की सेकंद.

शिवाय आरसा चूक दुप्पट करतो. आरसा एका मिनिटाने कलला तर परत येणारा झोत दोन मिनिटांनी वळतो. माझ्या १० मिलिमीटरचा हिशेब उलटा केला तर ठोकळ्याच्या कोनात सुमारे ९ मिनिटांची चूक निघते. डोळ्याला ती दिसणं शक्यच नाही, पण आजच्या मिलिंग मशीनच्या मानाने ती ढोबळ चूक आहे. म्हणूनच मी तावातावाने लिहिलं.

आता प्रश्न असा की सीएनसी मिलिंग मशीन तिरपा पृष्ठभाग कापतं कसं? बहुतेकांच्या मनात चित्र असतं की संगणकाला 'दहा अंश' सांगितलं की मशीन दहा अंशांत कापतं. प्रत्यक्षात साध्या तीन अक्षांच्या मशीनला कोन ही गोष्टच माहीत नसते. त्याला माहीत असतात तीन लांब्या : टेबल डावीकडे-उजवीकडे किती, पुढे-मागे किती आणि फिरता कटर वर-खाली किती. या यंत्रांचा जन्मच बिंदूंच्या यादीतून झाला. अमेरिकेतल्या जॉन पार्सन्स यांना हेलिकॉप्टरच्या पात्यांचा वक्र आकार तपासण्यासाठी साचे हवे होते. वक्रावरचे बिंदू गणिताने काढायचे आणि मशीनला एकेका बिंदूवर न्यायचं ही कल्पना त्यातून आली, आणि १९५२ मध्ये एमआयटीने आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन लोकांना दाखवलं. बिंदू पुरेसे दाट असले की वक्र दिसतो, उतारही दिसतो. दिसतो म्हणजे तिथे असतोच असं मात्र नाही.

सपाट तळाच्या कटरने उतार कापायचा तर जिना तयार होतो. कटर एक पायरी कापतो, थोडा खाली उतरतो, पुढची पायरी कापतो. पायरी ०.१ मिलिमीटरची ठेवली, तर ४५ अंशांच्या उतारावर ०.०७ मिलिमीटर उंचीचे दात उरतात. बोट फिरवलं की कानशीसारखं लागतं. त्याऐवजी गोल टोकाचा कटर घेतला तर पायऱ्यांच्या जागी उथळ पन्हळी उरतात, कौलांच्या छपरावर दिसतात तशा. त्यांच्या उंचीचा एक सोपा हिशेब आहे : दोन फेऱ्यांमधल्या अंतराचा वर्ग भागिले कटरच्या त्रिज्येची आठपट. त्रिज्या ३ मिलिमीटर आणि फेऱ्यांमध्ये अर्धा मिलिमीटर अंतर, तर पन्हळ १० मायक्रॉन उंच. अंतर ०.२ वर आणलं की दोन मायक्रॉनच्याही खाली. वर्गाचा फायदा म्हणतात तो हाच. पण फेऱ्या अडीचपट वाढतात, वेळ वाढतो, आणि तेवढ्या वेळात मशीन तापून स्वतःच काही मायक्रॉन लांबतं. प्लास्टिकच्या साच्यांची वळणं, टर्बाइनची पाती, कृत्रिम गुडघे असे आकार असेच कापतात, आणि तिथे दुसरा मार्गही नाही.

आरशाच्या बैठकीला पन्हळ चालत नाही, तिला खरी सपाटी लागते. त्यासाठी जुना आणि मला सर्वांत आवडणारा उपाय म्हणजे उतार कापायचाच नाही. जॉबच कलता करायचा, इतका की जो पृष्ठभाग तिरपा हवा तो मशीनसाठी आडवा होईल. मग रुंद सपाट कटर वरून एकदा फिरवला की झालं. मशीनला जे सगळ्यात चांगलं जमतं, म्हणजे आडवं आणि सपाट, तेवढंच त्याच्याकडून करून घ्यायचं. आता सगळी भिस्त एका गोष्टीवर येते : जॉब नक्की किती कलला?

माझे मोठे काका भोसरीला एका टूल रूममध्ये होते. लहानपणी मी एकदा त्यांना विचारलं होतं की तुमच्याकडे कोनमापक केवढा मोठा असतो? ते हसले आणि म्हणाले, "आम्ही कोन मोजत नाही गं, उंची लावतो." त्यांच्या पेटीत फडक्यात गुंडाळलेला एक साइन बार असायचा. हत्यार इतकं साधं की पाहून निराशाच होते. एक घट्ट, सपाट पोलादी पट्टी आणि तिच्या दोन टोकांखाली अगदी सारख्या जाडीचे दोन रूळ. रुळांच्या केंद्रांतलं अंतर बरोबर १०० मिलिमीटर (२०० चेही मिळतात). एक रूळ सपाट पाटावर टेकवायचा, दुसऱ्याखाली ठरलेल्या उंचीचे ठोकळे ठेवायचे. उंची भागिले १०० म्हणजे कोनाची साइन. ५० मिलिमीटर उंची दिली की ३० अंश.

यातली मेख अशी की कोन मोजणं अवघड आहे, लांबी मोजणं त्या मानाने सोपं. आणि लांबीचे विश्वासू ठोकळे आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षांपासून आहेत. स्वीडनच्या एस्किल्स्टुना गावातल्या रायफल कारखान्यात काम करणाऱ्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांनी १८९६ च्या सुमारास १०२ ठोकळ्यांचा असा संच योजला, की त्यातले मोजके ठोकळे एकमेकांवर चिकटवून १ पासून २०१ मिलिमीटरपर्यंतची कुठलीही लांबी ०.०१ मिलिमीटरच्या पायरीने मिळावी. म्हणजे १०२ तुकड्यांतून २० हजार मापं. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये यांनाच स्लिप गेज म्हणतात. त्यांच्या बाजू इतक्या सपाट असतात की दोन ठोकळे एकमेकांवर सरकवून दाबले की ते चिकटून बसतात, मधे गोंद नाही की चुंबक नाही.

साइन बारची एक मर्यादा काकांनी सांगितली होती, कारण मला पुढे कॉलेजात कळलं. उंची लावताना एका मायक्रॉनची चूक झाली तर ३० अंशांवर कोन सुमारे अडीच सेकंदांनी चुकतो. ६० अंशांवर तीच चूक चार सेकंदांची होते, ८० अंशांवर बारा. पट्टी उभी होत गेली की उंची थोडीच बदलते आणि कोन मात्र भराभर पळतो. म्हणून ४५ अंशांपलीकडे साइन बार लावत नाहीत, जॉबची दुसरी बाजू धरून उरलेला कोन लावतात.

थोडं विषयांतर करते, पण मराठी वाचकांपुढे न केल्यास चुटपुट लागेल. 'साइन' हा शब्द आपल्या 'ज्या'चाच वंशज. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. संस्कृतातून अरबीत 'जीबा' झालं, ते पुढे 'जैब' असं वाचलं गेलं. जैब म्हणजे वस्त्राची घडी किंवा खोळ, म्हणून लॅटिन भाषांतरात 'सायनस'. आणि शाळेत पाठ केलेली 'त्रिज्या' म्हणजे तीन राशींची, म्हणजे ९० अंशांची, ज्या. आर्यभटाने ४९९ साली दिलेल्या कोष्टकात त्रिज्या ३४३८ धरली आहे, आणि ३० अंशांची ज्या १७१९, बरोबर निम्मी. साइन बारवर त्रिज्या १०० आणि उंची ५०. भोसरीच्या त्या पेटीत आर्यभटाचं कोष्टक पोलादात करून ठेवलेलं होतं म्हणा ना.

आजच्या पाच अक्षांच्या मशीनमध्ये हे सगळं आत गेलेलं असतं. टेबल स्वतः कलतं आणि फिरतं, आतल्या काचेच्या चकतीवरच्या बारीक रेघा वाचून काही सेकंदांच्या आत कोन लावतं. तरी स्पिंडल टेबलाला काटकोनात आहे का, हे डायल फिरवून पाहावंच लागतं. २०० मिलिमीटरवर ०.०२ चा फरक म्हणजे वीस सेकंद गेलेच. कलायचा आस मशीनला जिथे वाटतो तिथेच खरोखर आहे का, हेही अधूनमधून तपासतात.

तर एवढी सामग्री असताना माझा ठोकळा चुकला कसा?

वर्कशॉपमधले मुख्य मशिनिस्ट साठीच्या घरातले आहेत. इथल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना पहिल्या नावाने हाक मारते, पण मनातल्या मनात 'अहो' म्हणते. त्यांनी माझ्या मेलला उत्तर दिलं नाही. "ठोकळा आणि ड्रॉइंग घेऊन या," एवढाच निरोप आला. विद्यार्थिनीने आणि मी चेंबर उघडला, ठोकळा काढला आणि खाली गेलो. त्यांनी तो ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर तपासला. कलतं टेबल आधी एका बाजूला १० अंश, मग दुसऱ्या बाजूला १० अंश, असं लावून तो कापलेला होता. दोन्ही दहा अंश काही सेकंदांपर्यंत बरोबर. मग त्यांनी माझं ड्रॉइंग समोर ठेवलं. समोरून पाहिलेलं चित्र, त्यात उतार १० अंश. बाजूने पाहिलेलं चित्र, त्यात उतार १० अंश. घाईत, त्रिमितीय मॉडेल न करता, मीच काढलेलं.

तुम्हाला चूक दिसली? मला तिथे उभी असताना दिसली नाही.

स्वयंपाकघरात करून बघा. चीजचा किंवा बटाट्याचा चांगला मोठा घन कापा. आता त्याचा एक कोपरा असा उडवा, की कोपऱ्याला मिळणाऱ्या तिन्ही कडांवर सारखंच अंतर जाईल. समोरच्या बाजूवर कापाची रेघ ४५ अंशांत दिसते. शेजारच्या बाजूवरही ४५ अंशांत. आता घन आधी एका बाजूला ४५ अंश कलता करा, म्हणजे समोरची रेघ आडवी होईल. मग दुसऱ्या बाजूला ४५ अंश कलवा. काप आडवा झाला का? नाही. तो जवळजवळ १० अंश पुढे गेलेला दिसेल. दुसऱ्यांदा ४५ नाही, फक्त ३५.२६ अंश कलवायला हवं होतं. फोनमधलं लेव्हलचं ॲप त्यावर ठेवून खात्री करा, पण आधी फोनला प्लास्टिकची पिशवी घाला.

कारण असं की पहिल्यांदा कलवल्यावर बाजूचा उतारही सोबत कलला. जेवढं तो सरळ खाली उतरत होता, त्यातलं काही आता आडवं गेलं, आणि खाली उतरणं कमी झालं. किती कमी, तर पहिल्या कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात. चित्रातला १० अंशांचा उतार मशीनवर दुसऱ्या वेळी १० राहत नाही, तो होतो ९.८५ अंश. फरक ०.१५ अंशाचा, म्हणजे ९ मिनिटं. माझी ९ मिनिटं! कोन लहान असल्यामुळे फरक लहान, आणि फरक लहान असल्यामुळे तो कुणाच्या लक्षात आला नाही. चित्रात ३० आणि ३० असते, तर दुसरा कोन २६.५७ निघाला असता आणि ठोकळा हातात घेताच काहीतरी चुकलंय हे जाणवलं असतं.

लांब्या कुठल्याही क्रमाने मिळवल्या तरी बेरीज तीच येते. कोनांचं तसं नाही. आधी कुठे वळलात यावर पुढच्या वळणाचा अर्थ ठरतो. क्वांटम यामिकीत हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना फळ्यावर सिद्ध करून दाखवते. ड्रॉइंग काढताना ते आठवलं नाही, हे लिहायला अजूनही जड जातं. वर्कशॉपनेही कापण्याआधी एक फोन करायला हवा होता असं मला वाटतं, आणि ते मी त्यांना म्हटलंही. पण आधी मेलबद्दल माफी मागितली, विद्यार्थिनीसमोर. त्यांनी मान हलवली आणि पेन्सिल काढली.

त्यांनी सुचवलेला मार्ग मला सुचायला हवा होता. दोनदा कलवायचंच कशाला? कुठलाही सपाट उतार शेवटी एकाच दिशेला उतरतो, छपरावरून पाणी घरंगळतं तसा. तो एकच कोन आणि ती एकच दिशा सांगा. हिशेब केला. दिशा बरोबर ४५ अंशांवर, आणि खरा उतार १४ अंश ७ सेकंद. जॉब टेबलावर ४५ अंश फिरवायचा आणि एकदाच कलवायचा. यात आणखी एक फायदा लपलेला आहे. एवढ्या कमी उतारावर फिरवण्यातली चूक निकालात चौथाईच उतरते, त्यामुळे सगळी काळजी त्या एका कलण्याची घ्यायची. १०० मिलिमीटरच्या साइन बारसाठी उंची निघाली २४.१९५. स्लिप गेज : २०, २, १.१९ आणि १.००५. त्यांनी चौघांना एकेक करून सरकवत चिकटवलं आणि मला हातात धरू दिलं.

जाता जाता त्यांनी एक लाकडी पेटीही दाखवली. आत पाचरीच्या आकाराचे कोनाचे ठोकळे, लंडनजवळच्या टेडिंग्टनमधल्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत टॉमलिन्सन यांनी योजलेल्या पद्धतीचे. त्यातले अंशांचे ठोकळे १, ३, ९, २७ आणि ४१. पाचर उलटी लावली की कोन वजा होतो, म्हणून एवढे पुरतात. तराजूच्या दोन्ही पारड्यांत वजनं ठेवायची मुभा असली की १, ३, ९, २७ ने चाळीसपर्यंतचं सगळं तोलता येतं, ते जुनं कोडं आहे ना, तेच. आमचे १४ कसे? २७ मधून ९, ३ आणि १ वजा. विद्यार्थिनीने ते तिथेच तोंडी सांगितलं, माझ्या आधी.

नवा ठोकळा आठवड्याने मिळाला. शेवटचा हात त्यांनी फक्त ०.०५ मिलिमीटरचा घेतला, आणि त्याआधी कूलंट सुरू ठेवून मशीन तासभर नुसतं फिरवलं, तापमान स्थिरावण्यासाठी. नंतर ठोकळा साइन बारवर ठेवून डायल त्याच्या पाठीवरून फिरवला. ३० मिलिमीटरच्या अंतरात काटा ३ मायक्रॉन हलला, म्हणजे कोनात २० सेकंदांची चूक. आरशामुळे दुप्पट, दोन मीटरवर ०.४ मिलिमीटर. भोक ८ मिलिमीटरचं, चालेल.

चेंबर बंद केला, पुन्हा दहा दिवस तापवला. या वेळी झोत भोकातून गेला, मधोमध नाही, जेमतेम एक मिलिमीटर बाजूने. त्यातले ०.४ ठोकळ्याचे. उरलेलं कशाचं ते शोधायला वेळ नव्हता, विद्यार्थिनीने त्याच संध्याकाळी मोजमापं घ्यायला सुरुवात केली.